पिवळे कॅलिपर

भाजलं की आधी पाणी! मेडिकलच्या पहिल्या वर्षापासून हे निहारिकाच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की त्या दुपारी तिला दुसरं काही सुचलंच नाही. समोर एक बुटकी, चंदेरी, दोन सीटांची गाडी येऊन थांबली. तिच्या पुढच्या चाकातून धूर निघत होता, आणि चाकाच्या आत... बाप्पा बाप्पा! काहीतरी लालभडक पेटलेलं होतं. गाडीचा मालक मात्र हेल्मेट काखेत मारून खुशाल पाठ फिरवून चालला होता. निहारिकाने ॲम्ब्युलन्समधला पाण्याचा कॅन उचलला, धावत सुटली, आणि अख्खा कॅन त्या चाकावर रिकामा केला.

चर्रर्र... वाफेचा लोट उठला. आणि त्याच्या मागोमाग आतून आवाज आला — टण्ण!

"नो! नो वॉटर! नो—" तो माणूस पळत आला. चाकापाशी गुडघे टेकून आत डोकावला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे देवा... गेली."

निहारिकाच्या हातातला कॅन हातातच राहिला. "अहो... तुम्ही मराठी?"

त्याने वर पाहिलं. तिच्या तोंडावर मास्क, त्यामुळे त्याला दिसले ते फक्त दोन डोळे. भेदरलेले, आणि वाफेने काजळ पसरलेले. तो दोन क्षण नुसताच बघत राहिला.

"हो. आणि तुम्ही कोण? फायर ब्रिगेड?"

"डॉक्टर."

"मग पेशंट दगावला तुमचा," तो म्हणाला. "डिस्क तडकली. एवढ्या तापलेल्या लोखंडावर कुणी गार पाणी ओततं का?"

"आम्ही डोशाच्या तव्यावर शिंपडतोच की!"

"शिंपडता ना? कॅन नाही ना ओतत?"

  आता तुम्ही विचाराल, डॉक्टरबाई त्या रेसट्रॅकवर करत काय होत्या. तर गोष्ट अशी, की ही नागपूरची निहारिका गेली दोन वर्षं आयर्लंडमधल्या कासलबारच्या हॉस्पिटलात होती, आणि त्यातलं शेवटचं वर्ष कसं गेलं ते कुणी कुणाला सांगायची गरज नाही. अंगावर ते प्लास्टिकचे झगे, चेहऱ्यावर मास्कचे वळ, आणि रोज कुणाच्या तरी घरी फोन. जुलैत जरा उसंत मिळाली, तशी तिची आयरिश मैत्रीण ग्रॉन्या म्हणाली, "माझी शनिवारची किल्डेअरच्या ट्रॅकवरची ड्युटी तू कर. मोकळ्या हवेत बसायचं, गाड्या बघायच्या. इट'ल बी ग्रँड!" रेसट्रॅकवर गाड्या धावत असल्या की एक डॉक्टर लागतोच. म्हणून निहारिका अडीच तास गाडी हाकत आली होती, आणि आल्या आल्या हा पराक्रम करून बसली होती.

"मी भरून देते," ती पुटपुटली.

"राहू द्या हो," तो म्हणाला, आणि अचानक हसायलाच लागला. "मी राजस. पुण्याचा. आणि खरं सांगू? चूक तुमची एकटीची नाही. एरवी शेवटची एक फेरी मी ब्रेकला पाय न लावता हळू मारतो. वारा लागतो, सगळं निवत जातं. आज मध्येच लाल बावटा दाखवला आणि सगळ्यांना लगेच आत घेतलं. म्हणून इतकी लाल दिसली. नाहीतर ते रूप सहसा कुणाला दिसत नाही."

"पण पेट का घेतला तिने?"

"पेटली नव्हती. नुसती तापली होती." तो बोटाने दाखवत सांगू लागला. चाकाच्या आत जेवणाच्या ताटाएवढी लोखंडी डिस्क फिरते. तिला दोन्हीकडून चिमटीत धरतो तो कॅलिपर. पाय दाबला की चिमटा आवळतो, डिस्क घासते आणि गाडी थांबते. "गाडीचा वेग कुठे जातो, माहितीये? तो नाहीसा होत नाही. सगळाच्या सगळा इथे येतो. त्याची ऊब होते."

निहारिका ओठावर आलेली थट्टा विसरली. एवढी मोठी गाडी, एवढा आवाज, एवढं धावणं... आणि ते सगळं या ताटाएवढ्या जागेत येऊन मावतं? नाहीसं होत नाही? गेलं वर्षभर तिने फक्त नाहीशा होणाऱ्या गोष्टी पाहिल्या होत्या. ती त्या तडकलेल्या डिस्ककडे बघत कितीतरी वेळ उभी राहिली, देवळात उभं राहावं तशी.  राजसलाही तिच्याकडे बघायला बरं वाटत होतं, असं आपलं मला वाटतं.

"आणि हे पिवळं काय?" तिने विचारलं.

"तोच कॅलिपर. मी हौसेने रंगवलाय. पण बघा, कोपरे तांबूस झालेत. उष्णता फार झाली की रंग आधी सांगतो. पिवळा, मग तांबूस, मग कॉफीसारखा. काळपट झाला की समजायचं, आतलं ब्रेक ऑईलसुद्धा उकळायच्या बेतात आलंय."

"म्हणजे कांदा परततो तसंच!"

"अं?"

"आधी गुलाबी, मग सोनेरी, मग जळका. जळका झाला की भाजी गेली."

राजस तिच्याकडे बघतच राहिला. पाच वर्षं तो हे लोकांना समजावत होता, पण इतक्या पटकन कुणाला कळलं नव्हतं.

नवी डिस्क बसवायला मदत करते, असं ती आपणहून म्हणाली. आणि तिने ते खरंही केलं, पुढच्या रविवारी सकाळी साडेनऊला त्याच्या शेडच्या दारात हजर! राजस राहायला डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकला, एका उंच इमारतीत. तिथल्या पार्किंगमध्ये गाडीचं बॉनेट उघडलं तरी कुणीतरी ईमेल करतं. म्हणून त्याने ट्रॅकजवळ एका शेतकऱ्याची अर्धी शेड भाड्याने घेतली होती. उरलेल्या अर्ध्या शेडमध्ये मेंढ्यांचा चारा, आणि दाराशी मेंढ्याच मेंढ्या. त्यातली एक तर दिवसभर आत मान घालून उभी.

"ही कोण?" निहारिकाने विचारलं.

"सुपरवायझर," राजस म्हणाला.

त्या दिवशी तिने मास्क काढला. शेडच्या दारात, हवेशीर जागी, हातात ट्रॅकवरच्या खाऊच्या गाडीवरून आणलेले व्हिनेगरचे चिप्स. राजस पाना शोधत होता. त्याने मान वर केली आणि पाना शोधायचं तो विसरलाच. डोळ्यांखाली एवढं सगळं असेल, अशी त्याने कल्पनाच केली नव्हती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. तुमच्या... हनुवटीला मीठ लागलंय."

लागलं नव्हतं काही. तरी तिने पुसलं.

डिस्क बसली. मग राजस म्हणाला, "आता नळीतली हवा काढायची. हे दोघांचं काम आहे. मी एकटा एका पंपाने करतो, पण मजा नाही त्यात." निहारिका गाडीत बसली, तो चाकापाशी. ब्रेकवर पायाने दाब द्यायचा तिने, आणि कॅलिपरची छोटी नळी उघडायची त्याने. जुनं ऑईल पारदर्शक नळीतून बाटलीत उतरतं, त्याबरोबर आतले हवेचे बुडबुडे निघतात. एक बुडबुडा जरी आत राहिला तरी ऐन वेळी पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

"हे मला नका सांगू," ती आतून म्हणाली. "सलाईनच्या नळीतला बुडबुडा मी झोपेतसुद्धा ओळखते."

"दाबा..." तो म्हणाला. "धरा... सोडा. दाबा... धरा... सोडा."

बाहेर पाऊस भुरभुरत होता, मेंढी रवंथ करत होती, आणि शेडमध्ये त्याचा तो संथ आवाज. दाबा. धरा. सोडा. निहारिकाला हसू यायला लागलं, कारण बाळंतपणाच्या वॉर्डात ती स्वतः याच सुरात बोलायची. मग हळूहळू हसू गेलं आणि तिच्या लक्षात आलं की गेल्या कितीतरी महिन्यांत तिचे खांदे असे सैल पडले नव्हते.

"धर, धर, सोडू नकोस!" तो एकदम ओरडला. आणि मग त्याने जीभ चावली. "सॉरी... धरा."

"धर चालेल," ती म्हणाली.

तेव्हापासून दोघं अरे-तुरेवर आले.

तो उन्हाळा असा गेला. दोन-तीन आठवड्यांनी एखादा ट्रॅकचा दिवस यायचा. त्याच्या आधी शेडमध्ये हवा काढायची, हा राजसचा नेम होता. कुणी देवपूजा चुकवत नाही, तसा तो हे चुकवायचा नाही. निहारिका सुट्टी जुळवून यायची. पुढच्या बंपरमधून चाकापर्यंत वारा नेणारे जाड पाईप दोघांनी मिळून बसवले. ती कॅलिपरवर तापमान दाखवणारे इवलेसे स्टिकर लावायची. ठरावीक उष्णतेला त्यातला एकेक चौकोन कायमचा काळा होतो. राजस फेऱ्या मारून, शेवटची फेरी गार करत आत आला, की ती आधी चाकापाशी धावायची.

"चार काळे, पाचवा कोरा! रंग टिकला रे!"

"मी पण टिकलो," तो हेल्मेट काढत म्हणायचा. "माझीही चौकशी करत जा कधी."

"तुला काय धाड भरलीये?"

असं बोलायची, पण गाडी वळणामागे गेली की ती परत दिसेपर्यंत निहारिकाचा श्वास अडकलेला असायचा. आणि दिसली की काय दिसायची! सरळ रस्त्यावरून ती चंदेरी गाडी सुसाटत यायची, आता ही थांबत नाही, गेलीच, असं वाटत असतानाच नाक खाली घालून जागच्या जागी मऊ व्हायची आणि वळण घ्यायची. दर वेळी निहारिकाच्या अंगावर काटा यायचा. इतकं वेगात यायचं आणि तरी थांबायचं... हे जमतं कसं? पुन्हा पुन्हा बघूनही तिचं नवल ओसरत नव्हतं.

एवढं सगळं होतं. नव्हता तो फक्त एक शब्द. राजस पंधरा मिनिटं ब्रेक पॅडवर बोलेल, ऑफिसातल्या कोडवर बोलेल, मेंढीशीसुद्धा बोलेल, पण मनातलं म्हणाल तर तोंडाला कुलूप. निहारिका काही बोलायची बाई नव्हती असं नाही. पण तिने ठरवलं होतं, हे एक तरी मी आधी म्हणणार नाही. नागपूरचा हट्ट म्हणा हवं तर.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पर्थच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं पत्र आलं. कासलबारमधले निम्मे डॉक्टर ऑस्ट्रेलियाला निघाले होते. ग्रॉन्याने अर्ज केला, तिच्याबरोबर निहारिकानेही केला होता. ऊन, समुद्र, कमी तासांची ड्युटी. जानेवारीत रुजू व्हायचं, आणि हो की नाही ते महिनाअखेरीच्या सोमवारपर्यंत कळवायचं.

आईने फोनवर विचारलं, "पर्थ म्हणजे इथून अजून लांब का गं?"

"नाही आई, जवळ. पण..."

"पण काय?"

"काही नाही."

शेडमध्ये तिने राजसला सांगितलं. पाईपची पट्टी आवळता आवळता त्याचा हात थांबला. मग त्याने ती पट्टी आणखी एक आटा आवळली.

"छान आहे की," तो म्हणाला. "मोठं हॉस्पिटल आहे. जायला हवं तू."

"जाऊ?"

"म्हणजे... तुझ्या करिअरचा प्रश्न आहे. मी कोण सांगणार?"

मी कोण सांगणार! निहारिकाला वाटलं, हा पाना याच्याच डोक्यात घालावा. ती "बरं" एवढंच म्हणाली, आणि कासलबारच्या रस्त्याला लागल्यावर वाटेतल्या मलिंगर गावापर्यंत रडली. तिला पर्थला जायचं नव्हतं हो! तिला कासलबारच्या मेयो परगण्याचा तो ओला हिरवा उजेड आवडायचा, वॉर्डातले म्हातारे आवडायचे, तिचं नाव "निहॅरिका" असं म्हणत बिस्किटं पुढे करणारे. तिला फक्त एका माणसाने एकदा थांब म्हणायला हवं होतं. आणि तो माणूस सभ्यपणाचा पुतळा होऊन बसला होता.

दोन आठवडे फोन नाही. मग एका बुधवारी तिने जीव लावून जपलेला एक पेशंट गेला. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, सुधारत होते, घरी जायच्या गोष्टी करत होते... आणि गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून तिने राजसला फोन लावला. बोलता येईना. "काही नाही, सहज केला होता," एवढं म्हणून तिने ठेवून दिला.

संध्याकाळी ड्युटी संपवून बाहेर आली, तर पार्किंगमध्ये ती चंदेरी गाडी. पावसात निथळत उभा राजस, हातात डबा.

"तू इथे?"

"गॅलवेला काम होतं," तो म्हणाला. "वाटेत होतं कासलबार, म्हणून..."

"काय आहे यात?"

"थालीपीठ. जरासं... जास्त झालंय."

तिने डबा उघडला. कडा पार कॉफीच्या रंगाच्या झाल्या होत्या. "हे तर ऑईल उकळायच्या बेतात आलंय," ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली. मग गाडीत बसून तिने ते सगळं खाल्लं, आणि खाता खाता आजोबांबद्दल सांगितलं. त्यांना गुरं ओळखता यायची, नर्सेस नाही.  काच धुक्याने भरून गेली. निघताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला.

"शनिवारी शेवटचा ट्रॅक-डे आहे या वर्षाचा," तो म्हणाला. "येशील? या वेळी बाजूच्या सीटवर बस. एकदा तरी आतून बघ. पर्थला जायच्या आधी."

शेवटचं वाक्य त्याने नसतं म्हटलं तर काय बिघडलं असतं? पण ती आली.

शनिवारी आभाळ खाली उतरलेलं, पण रस्ता कोरडा. हेल्मेट घालून, पट्ट्यांमध्ये आवळून निहारिका बसली. "ब्रेकचं झालंय ना सगळं?" तिने सवयीने विचारलं.

"हं," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

बाहेरून बघणं वेगळं आणि आत बसणं वेगळं. पहिल्याच सरळ रस्त्यावर तिची पाठ सीटमध्ये रुतली, झाडं पुसली गेली, आणि मग वळण समोर आलं, आलं, अंगावर आलं... आणि राजसने पाय दाबला. निहारिकाला वाटलं, कुणीतरी प्रचंड मोठ्या हाताने आपल्याला अलगद झेललं. पट्टे छातीत रुतले, पोट पुढे गेलं, जग थांबलं आणि वळलं. तिच्या तोंडून नुसतं "आई गं..." निघालं. हे सगळं आत्ता, या क्षणी, त्या चार ताटल्यांत चाललंय! आपलं धावणं तिथे ऊब होऊन साठतंय! तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

"कसं वाटतंय?" तो ओरडला.

"पुन्हा!" ती ओरडली. "अजून जोरात!"

आता बाजूला अशी मुलगी बसून असं म्हणत असेल, तर कुठला पुरुष गाडी सावकाश हाकेल? राजस पाच फेऱ्या जीव ओतून चालवत राहिला. सहाव्या फेरीत, लांब रस्त्याच्या टोकाला त्याने पाय दाबला, आणि त्याचा पाय खाली गेला. सरळ खाली. गाडीला कुणी धरलंच नाही.

तिने त्याचा चेहरा पाहिला. त्याने पाय भराभर दोन-तीनदा मारला, गिअर खाली ओढले, इंजिन किंचाळलं, आणि वळण सोडून गाडी सरळ ट्रॅकबाहेरच्या खडीच्या पट्ट्यात शिरली. दगडांचा कडकडाट, धुळीचा लोट... आणि शांतता. गाडी आडवी वळून खडीत रुतली होती. दोघांना साधं खरचटलंही नव्हतं.

"यू ऑल राइट?" लांबून झेंडेवाला ओरडला.

निहारिकाने खिडकीतून अंगठा दाखवला. मग वळून राजसचं मनगट धरलं. नाडी सैरावैरा धावत होती, आणि त्याचे हात स्टिअरिंग सोडायला तयार नव्हते.

"उतर," ती मऊ आवाजात म्हणाली. "श्वास घे. उतर."

बाहेर आल्यावर ती सवयीने चाकापाशी वाकली. पिवळा रंग कुठे दिसतच नव्हता. सगळा कॅलिपर कॉफीसारखा, कडा तर पार काळ्या. स्टिकरवरचे सगळे चौकोन गेलेले.

"राजस, ऑईल उकळलंय," ती म्हणाली. "बदललं होतंस ना?"

तो हेल्मेटचा पट्टा सोडवू लागला.

"हवा काढली होतीस?"

"नाही."

"तू? तू नाही काढलीस?"

"बुधवारी संध्याकाळी काढणार होतो. तेवढीच एक संध्याकाळ मोकळी होती. वाटलं, मागच्याच महिन्यात बदललंय, निभेल एक दिवस..."

"बुधवारी तर तू गॅलवेला..." ती बोलता बोलता थांबली.

"गॅलवेला माझं काय काम असणार, निहारिका?" त्याचा आवाज चिरकला. "माझं ऑफिस कॅनाल डॉकला. तेही सध्या माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर."

भुरभुर सुरू झाली होती. निहारिका खडीत उभी राहिली, हेल्मेट हातात, आणि तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. जिन्यातला फोन. जळकं थालीपीठ. अडीच तास यायला, अडीच तास जायला.

"तुला काही झालं असतं तर?" राजस म्हणत होता. "मी तुला बाजूला बसवलं आणि... इतका मूर्खपणा मी आयुष्यात केला नाही. तू जा बाई पर्थला. खरंच जा. माझ्यासारख्याच्या नादी लागून—"

"गप्प बस!" ती इतक्या जोरात ओरडली की झेंडेवाल्याने वळून पाहिलं. "ब्रेकबद्दल मी तुझ्याशी नंतर भांडणार आहे, आणि चांगली भांडणार आहे. आत्ता मला एक सांग. मी जावं असं तुला वाटतं?"

"तुझ्या दृष्टीने विचार केला तर..."

"माझ्या दृष्टीने मी बघेन. तुझं सांग. काहून घाबरतोस इतका?"

 केसांवरून पाणी ओघळून राजसच्या भुवईवर थांबलं होतं. मग तो तिच्याकडे बघत म्हणाला, "जाऊ नकोस."

तिने हातातलं हेल्मेट खडीवर ठेवलं.

"हे स्वार्थीपणाचं आहे, मला कळतं. तरी जाऊ नकोस. मला तू हवी आहेस. कासलबारला राहा, कुठेही राहा, मी येत जाईन... रोज येईन."

"रोज? अडीच तास?"

"आठवड्यातून दोनदा," तो म्हणाला. "नक्की."

निहारिका हसली आणि रडली, दोन्ही एकदम. गेले कितीतरी दिवस तिने मनात एक झकास भाषण तयार ठेवलं होतं, मानी आणि मुद्देसूद. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ! "एवढं बोलायला," ती हुंदक्यातून म्हणाली, "तुझे ब्रेक फेल व्हावे लागले!"

आणि तिने त्याच्या छातीवर कपाळ टेकलं. त्याने तिला जवळ घेतलं, सांभाळून, जणू तीच फुटेल. त्याच्या जाड सुटाला जळक्या पॅडचा वास येत होता. त्याच्याखाली त्याचं हृदय अजून धडधडत होतं, आणि निहारिकाला वाटलं, इतकं सगळं या माणसाच्या आत साठत होतं आणि आपण वरचा रंग बघत बसलो. तिला त्या क्षणी जगात कशाचंच एवढं नवल वाटलं नाही, जेवढं या गोष्टीचं वाटलं.

गाडी ओढायचा ट्रक खडीच्या कडेला येऊन थांबला. काच खाली झाली, एका पिकल्या मिशीच्या माणसाने त्यांच्याकडे बघितलं, मग आभाळाकडे.

"विल आय कम बॅक लेटर?" त्याने विचारलं.

"नको, थांबा," निहारिका हसत इंग्रजीत म्हणाली. "एक मिनिट द्या फक्त."

तिने फोन काढला. आपण बघू नये म्हणून राजस तोंड फिरवून उभा राहिला, तेव्हा तिनेच त्याला खांद्याला धरून वळवलं. पर्थला पाठवायचं उत्तर दोन ओळींचं होतं. मनापासून आभार, पण मी येत नाही. तिने पाठवलं आणि फोन खिशात टाकला.

"अजून सोमवारपर्यंत वेळ होता," राजस हळूच म्हणाला.

"मला नको होता."

 तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. ट्रकवाल्याने साखळी लावली, गाडी खडीतून कुरकुरत वर चढली, आणि त्या अरुंद केबिनमध्ये तिघं दाटीवाटीने बसले. तरी तिने तो हात सोडला नाही.